वजन १०४, श्वास ४५ किलोचा

पहाटे साडेपाच

जुलै महिना. रात्रभर पाऊस लागून राहिलाय. अलिबागच्या कोळीवाड्यात होड्या शाकारून वर ओढून ठेवलेल्या आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून कोळीवाड्यातली माणसं वर्षभर अंगावर काढलेली दुखणी याच दोन महिन्यांत दवाखान्यात आणतात. हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवीच्या तक्रारी. शेतकऱ्यांचं उलट. लावणी सुरू असताना ते दवाखान्याची पायरी चढत नाहीत, दिवाळीनंतर येतात. इथल्या सर्जनची डायरी दर्या आणि भात मिळून भरतात.

मी भूलतज्ज्ञ. कुठल्या एका रुग्णालयाची नाही. अलिबाग, पोयनाड, रेवदंडा, कधी मुरूड. सर्जन बोलावेल तिथे जाते. किनारपट्टीवरच्या छोट्या रुग्णालयांत हीच रीत आहे. थिएटर त्यांचं, सिस्टर त्यांच्या, भूल देणारी मात्र स्वतःची बॅग घेऊन बाहेरून येते. माझ्या बॅगेत व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असतो, चार मापांच्या नळ्या असतात, घशात बसवायचे मास्क असतात आणि शिंप्याकडचा एक टेप. रुग्णांच्या नातेवाइकांना त्या टेपचं फार नवल वाटतं. लॅरिंगोस्कोपकडे कुणी बघतही नाही.

आज पहिली केस दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची. बाईंचं वय ४४, वजन १०४ किलो.

सव्वासात

बाई खाटेवर उशांना टेकून बसल्यात. चेहऱ्यावर भीती आहे, पण बोलणं थांबत नाही. जवळ त्यांची मुलगी.

"मॅडम, मना शुद्ध येल ना?"

"येईल. तुम्हाला उठवल्याशिवाय मी थिएटर सोडत नाही."

"ती इजिप्तची बाई होती ना टीव्हीवर, पाचशे किलोची, तिला मुंबईत भूल दिली मग माझं काय एवढं," असं त्यांनीच पुढे जोडलं. इमान अहमद. २०१७ च्या फेब्रुवारीत मालवाहू विमानाने तिला मुंबईला आणलं, चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यासाठी वेगळी खोली बांधली आणि मार्चमध्ये दुर्बिणीतून तिच्या जठराचा आकार कमी केला. लोकांच्या लक्षात तिला उचलणारी क्रेन राहिली. भूल देणाऱ्या चमूने तिचा श्वास कसा सांभाळला, हे वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही. येणार तरी कसं? सगळं नीट पार पडलं की आमच्या कामात सांगण्याजोगं काही उरत नाही.

बाईंना मी आठवड्यापूर्वीच तपासलंय. आज पुन्हा तेच प्रश्न. रात्री घोरता का? मुलगी सांगते, घोरते, पण श्वास अडकत नाही. दिवसा पेंग येते का? नाही. उताणं झोपवतं का? झोपवतं, एक उशी लागते. बोटाला लावलेल्या यंत्रावर सॅच्युरेशन ९७. मान मोजली, ३८ सेंटीमीटर. मग टेपने उंची. केसपेपरवर कुणीतरी '५ फूट ४' लिहिलंय. आपल्याकडे उंची विचारून लिहितात, मोजत नाहीत. बाई उंच दिसतात खऱ्या, पण भिंतीला पाठ लावून मोजल्या तर १५२ सेंटीमीटर. दहा सेंटीमीटरचा फरक. दिवसभरात व्हेंटिलेटरवर जे जे आकडे घालायचे, ते सगळे या मोजमापावर उभे राहणार आहेत.

पावणेआठ

यंत्राची तपासणी. ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर किती भरलेत, जोडीला भरलेला दुसरा आहे का, नळ्यांतून हवा गळते का, बॅटरी किती वेळ टिकेल, सक्शन ओढतंय का. टेबलच्या पायाशी एक पाटी असते, किती किलो पेलेल ते सांगणारी. ती मी दर जाड रुग्णाच्या वेळी वाकून वाचते. रक्तदाबाचा मोठा पट्टाही लागतो. छोटा पट्टा जाड दंडावर दाब खोटा वाढवून दाखवतो आणि मग नसलेल्या रक्तदाबावर औषध दिलं जातं.

सिस्टर चादरींच्या घड्या घेऊन आल्या. डोकं, मान आणि खांद्यांखाली घड्यांचा उतार रचायचा. बाजूने पाहिलं की कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत आली पाहिजेत. मोठ्या रुग्णालयांत यासाठी तयार उशा मिळतात. आमच्याकडे चादरी. काम तितकंच चोख होतं.

साडेआठ

टेबलचा डोक्याकडचा भाग पंचवीस अंश वर. तोंडावर मास्क घट्ट धरून शुद्ध ऑक्सिजन. "मोठे मोठे श्वास घ्या, बोलू नका." बाईंना न बोलणं जमत नाही, पण मास्कखाली नाइलाज होतो. मी तीन मिनिटांचं घड्याळ लावत नाही. बाहेर सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या वर गेला की मगच औषध.

हा ऑक्सिजन कामी येतो तो असा. श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसात बरीच हवा शिल्लक असते. श्वास थांबला की शरीर त्या शिलकीवर चालतं. पोट मोठं असलं, माणूस आडवा झाला, वरून भूल देऊन पडदा, म्हणजे श्वासपटल, सैल पडला की पोटातला सगळा भार छातीत वर सरकतो. सडपातळ माणसाची शिल्लक भुलीत पाचवा हिस्सा कमी होते. अतिलठ्ठ माणसाची जवळपास निम्मी. १९९१ सालच्या एका अभ्यासात श्वास थांबवल्यावर सॅच्युरेशन ९० वर यायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. सर्वसाधारण वजनाच्या माणसांना सहा मिनिटं लागली, अतिलठ्ठ माणसांना पावणेतीन. नळी घशात बसेपर्यंत माझ्याकडे तेवढाच वेळ असतो. त्यातला निम्मा मी राखीव समजते.

औषधांचं वजनही सरळ नसतं. झोपेचं औषध चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर, स्नायू सैल करणारं उंचीवरून काढलेल्या वजनावर. १०४ किलो धरून सगळंच भरलं तर रक्तदाब कोसळेल आणि शुद्ध दुपारी येईल.

नळी पहिल्याच वेळी बसली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट उमटली. ती उमटल्याखेरीज मी कुणाचं अभिनंदन स्वीकारत नाही.

आता व्हेंटिलेटर. प्रत्येक श्वासाला किती हवा ढकलायची? आम्ही शिकत होतो तेव्हा किलोला दहा मिलिलिटर हा पाठ होता, आणि किलो म्हणजे वजनकाट्यावरचे. त्या हिशेबाने बाईंना एका श्वासाला लिटरभराहून जास्त हवा जाईल. पण फुप्फुसं वजनाबरोबर वाढत नाहीत. त्यांचा आकार उंचीवर ठरतो. लग्नात पन्नास किलोची असलेली बाई आज शंभरची झाली तरी छातीच्या आतली फुप्फुसं तीच आहेत, फक्त त्यांना पसरायला जागा कमी पडलीय.

म्हणून हिशेब उंचीचा. १५२.४ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट उंचीच्या बाईला साडेपंचेचाळीस किलो धरायचे, पुरुषाला पन्नास. त्यापुढे किंवा मागे प्रत्येक सेंटीमीटरला ०.९१ किलोची वाढ किंवा घट. बाईंचं उत्तर आलं ४५. किलोला सहा ते आठ मिलिलिटर, म्हणजे २७० ते ३६०. मी ३२० लावले. केसपेपरवरची '५ फूट ४' खरी धरली असती तर हिशेबाचं वजन नऊ-दहा किलोंनी फुगलं असतं आणि प्रत्येक श्वास सत्तर मिलिलिटरने जास्त गेला असता. शस्त्रक्रिया संपेपर्यंत असे दीड-दोन हजार श्वास होतात.

हा हिशेब आला आयसीयूतून. २००० साली अमेरिकेत ८६१ अत्यवस्थ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. फुप्फुसं बिघडलेल्या या रुग्णांना किलोला १२ मिलिलिटर दिले तेव्हा ३९.८ टक्के दगावले, ६ दिले तेव्हा ३१. पुढे २०१३ मध्ये फ्रान्समध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांच्या ४०० रुग्णांवर तेच तत्त्व लावून पाहिलं. मोठे श्वास दिलेल्यांत २७.५ टक्क्यांना मोठे त्रास झाले, छोटे श्वास आणि सोबत थोडा टिकता दाब दिलेल्यांत १०.५ टक्क्यांना. तरीही आजही मी एखाद्या नव्या थिएटरमध्ये जाते तेव्हा यंत्रावर आधीच्या केसचे ५०० तसेच सोडलेले आढळतात. पाचशे हा आकडा गोल आहे आणि बोटांना सवयीचा आहे, एवढंच त्याचं कारण.

सव्वानऊ

सर्जनने पोटात कार्बन डायऑक्साइड भरायला घेतला. आतला दाब १२ वर. पडदा आणखी वर सरकला आणि माझ्या मॉनिटरवरचे आकडे हलले. फुप्फुसातला दाब २० होता, २७ झाला. यंत्र शिट्टी वाजवू लागलं.

इथे दोन वेगळे दाब कळले पाहिजेत. एक, श्वास आत ढकलतानाचा, तोच आता २७ झालाय. दुसरा, श्वास सोडल्यावरही फुप्फुस पूर्ण मिटू नये म्हणून यंत्र थोडा दाब धरून ठेवतं, त्याला आम्ही सगळे 'पीप' म्हणतो. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू एकदा चिकटल्या की उघडायला जोर लागतो. उघडी धरून ठेवायला कमी लागतो. फुप्फुसाच्या तळाच्या कप्प्यांचं असंच होतं. १९८५ च्या सुमारास स्वीडनमध्ये निरोगी माणसांना भूल देऊन सीटी स्कॅन काढले तेव्हा पाच मिनिटांच्या आत फुप्फुसाच्या मागच्या भागात मिटलेले पट्टे दिसले होते. शंभर टक्के ऑक्सिजन चालू ठेवला तर हे मिटणं वाढतं, कारण ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि कप्पा रिकामा पडतो. म्हणून नळी बसली की मी ऑक्सिजन चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणते. नवख्या डॉक्टरांना हे उलटं वाटतं. त्यांना वाटतं, जाड माणूस, तर द्या भरपूर.

पीप ८ होता. आता पायरीपायरीने दाब वाढवत मिटलेले कप्पे उघडायचे, रक्तदाबावर डोळा ठेवून. वरचा रक्तदाब ९० पर्यंत उतरला, थांबले, सलाइन थोडं वाढवलं, पुन्हा एक पायरी. मग पीप १२ वर ठेवला. आता फुप्फुसातला दाब २८. पीप चार वाढवला आणि फुप्फुसातला दाब फक्त एकाने चढला, म्हणजे बंद दारं उघडली आहेत. सॅच्युरेशन ९४ चं ९८. श्वासांचा वेग १४ वरून २० केला, कारण पोटातला वायू रक्तात उतरून बाहेर जायला श्वासच हवा. सर्जनला म्हटलं, "टेबल डोक्याकडून आणखी वर करा." पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत त्यांनाही तेच हवं असतं, आतडी खाली सरकतात. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेत डोकं खाली घालावं लागतं, तेव्हा आमचं जमत नाही.

मग जाड रुग्णाला जास्त पीप दिला की झालं का? २०१९ साली २३ देशांतल्या ७७ रुग्णालयांनी मिळून हेच तपासलं. सुमारे दोन हजार लठ्ठ रुग्ण. निम्म्यांना पीप ४, निम्म्यांना १२ आणि कप्पे उघडण्याची खटपट. शस्त्रक्रिया चालू असताना ऑक्सिजन घसरण्याचं प्रमाण १३.६ वरून ५ टक्क्यांवर आलं. पण नंतरच्या दिवसांतले फुप्फुसाचे त्रास? २३.६ आणि २१.३ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक मोजण्याजोगा नाही. म्हणजे टेबलावर मिळालेला फायदा वॉर्डात टिकला नाही. काही सहकारी हा निकाल दाखवून म्हणतात, मग कशाला एवढा खटाटोप. माझं मत असं की, सगळ्यांना एकच १२ देणं हाच त्यातला कच्चा दुवा आहे. पोट कसं, छाती कशी, रक्तदाब किती सोसतो, ते समोरच्या माणसावर पाहून ठरवावं. पीपमुळे न्यूमोनिया टळतो असं मी सांगणार नाही. हातातल्या तासाभरात ऑक्सिजन घसरत नाही, हे मला पुरेसं आहे. छोट्या रुग्णालयात आयसीयू मागे उभा नसतो.

नऊ चाळीस

दिवे गेले. पावसाळ्यात ही रोजची गोष्ट. एसी थांबला, सर्जनचा पडदा काळा झाला, ते हातातली दुर्बीण तशीच धरून स्तब्ध. माझं यंत्र बॅटरीवर चालत राहिलं. थिएटरचे मामा जनरेटरकडे धावले. हाताने श्वास द्यायची पिशवी मी डोक्याशी लटकवूनच ठेवते. अर्ध्या मिनिटात उजेड आला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या कितीतरी गावांत वीज आठवडे-आठवडे परतली नव्हती. त्यानंतर या भागातल्या रुग्णालयांत जनरेटरच्या डिझेलची चौकशी करणं हा माझ्या तपासणीचा भाग झाला.

सव्वादहा

पित्ताशय बाहेर आलं. खडे वाटीत घालून मुलीला दाखवायला नेले. सर्जनचं काम संपलं, हात धुवायला गेले.

माझ्या मते इथून पुढची वीस मिनिटं सगळ्यात जोखमीची. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल पूर्ण उतरलाय का, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. मनगटाच्या नसेला चार हलके झटके देणारं यंत्र लावून चौथ्या झटक्याची ताकद पहिल्याच्या नव्वद टक्के आली का ते बघते. उलट काम करणारं औषध मापाने दिलं. तोंड-घसा साफ केला. पण नळी काढून टाकण्याची घाई नाही. बाईंना जवळजवळ बसतं केलं. डोळे उघडा म्हटलं, उघडले. हात दाबा म्हटलं, माझी बोटं पिळली. मान उचला म्हटलं, उचलली. मगच नळी बाहेर. "झालं का?" हा पहिला शब्द. "झालं, खोका." खोकल्या, आणि शिवीही दिली. मी मनात नोंद केली, मेंदूला ऑक्सिजन पुरेसा पोचतोय.

दुखण्यासाठी झोप आणणारी औषधं टाळली. चारही भोकांच्या कडेला सर्जनने बधिर करणारं औषध आधीच टोचलंय, वर पॅरासिटामॉल सलाइनमधून. घोरणाऱ्या माणसाला मॉर्फिनच्या जातीचं औषध देऊन वॉर्डात एकटं सोडणं, रात्री सिस्टर दोन आणि रुग्ण वीस, ते माझ्या हातून होणार नाही.

साडेअकरा

रेवदंड्याला सिझेरियन. रस्त्यात खड्डे, दोन्ही बाजूंना लावणी. गरोदर मुलीचं वजन ९८ किलो. पूर्ण भूल नको. गरोदरपणात पोटातलं बाळ आणि चरबी दोघं मिळून पडदा वर ढकलतात, ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, घसा सुजलेला असतो. कमरेतून भूल दिली की ती स्वतःचा श्वास स्वतः घेते. पण जाड पाठीवर मणक्यांचे उंचवटे हाताला लागत नाहीत. अशा वेळी मी तिलाच विचारते, "सुई डावीकडे टोचतेय की उजवीकडे?" माणसाला आपला मध्य नेमका कळतो. "थोडी डावीकडे," ती म्हणाली. सुई उजवीकडे वळवली, पाणी आलं. व्हेंटिलेटर कोपऱ्यात सुरू करून ठेवलेला, तसाच राहिला. मुलगा झाला, रडला.

दोन

जेवण गाडीतच. भाकरी, सुकटीची चटणी, अलिबागचा पांढरा कांदा. जेवताना कालची एक पीएसी, म्हणजे भुलीआधीची तपासणी, आठवली. पंचावन्न किलोचा सडपातळ पुरुष, ढेरी मात्र चांगली. त्याला 'तुम्ही बारीक आहात' म्हणून सोडून देणं सोपं असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये एक छायाचित्र छापलं होतं. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली चरबी कमरेभोवती आणि पोटात आधी साठते. पडद्यावर भार टाकणारी नेमकी तीच. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ बीएमआय २५ वर आखतात, पाश्चात्त्यांसारखी ३० वर नाही. मी तर वजनाच्या आधी पोट बघते.

साडेतीन

बाह्यरुग्ण विभागात तपासण्या. दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वेळ, आणि पैशाच्या हिशेबात सगळ्यात कमी मोजला जाणारा.

एक तांडेल. वय ५२, बेंबीचा हर्निया. "वजन किती?" "एकशे अडतीस. दवाखान्याचा काटा एकशेवीसच्या वर जात नाही, म्हणून बंदरावर मासळीच्या काट्यावर केलं." उंची १६८. सोबत बायको.

"घोरतात का?"

"अख्खी आळी जागी करतात. मधीच आवाज बंद. मग मी हलवते, तवा परत चालू."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. आठ प्रश्नांची एक साधी यादी जगभर वापरतात: घोरणं, थकवा, झोपेत श्वास अडकणं, रक्तदाब, बीएमआय, वय, मानेचा घेर, पुरुष असणं. तांडेलांना आठपैकी आठ मिळाले. बसल्या जागी सॅच्युरेशन ९१. माझ्याशी बोलताबोलता एकदा डुलकी लागली. पाय सुजलेले. रात्री आडवं होववत नाही, खुर्चीत झोपतात.

१९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णाचं वर्णन करताना डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या सतत पेंगणाऱ्या लठ्ठ पोरावरून त्या आजाराला 'पिकविक'चं नाव दिलं. जागेपणीसुद्धा श्वास अपुरा, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला. अशा माणसाला भूल देऊन नळी घालणं अवघड नाही, नळी काढणं अवघड आहे.

"कमरेतनं द्या ना भूल, मॅडम."

"द्यायला देईन. पण तुम्हाला तासभर उताणं पडता येईल?"

ते गप्प. या रुग्णालयाच्या टेबलवरची पाटी १३५ किलोची आहे आणि रात्री लागला तर व्हेंटिलेटर ठेवायला आयसीयूची खाट नाही. मी केसपेपरवर लिहिलं: आत्ता भूल नाही. आधी झोपेची तपासणी, रात्री मास्क लावून दाबाने हवा देणारं यंत्र काही आठवडे, हृदयाची तपासणी, मग आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया. पावसात गेटवेच्या लाँच बंद, म्हणजे वडखळ-पेण-पनवेल रस्ता. तांडेलांचा चेहरा उतरला. १ ऑगस्टला होडी दर्यात घालायची आहे, नारळी पौर्णिमा तोंडावर. हर्निया आत सरकतोय, अडकलेला नाही, म्हणून तो थांबू शकतो, हे समजावलं. अडकला, उलट्या झाल्या, फुगवटा कडक झाला तर मात्र त्याच रात्री यायचं, हेही सांगितलं. बायकोने मान डोलावली. ऐकणारी तीच आहे.

सर्जन नाराज झाले. होतात.

त्यानंतर फोन. किहीमला बंगला असलेले मुंबईचे एक गृहस्थ, शनिवारी गुडघ्याची छोटी शस्त्रक्रिया. "मी सोळा किलो उतरवले मॅडम!" कसे? आठवड्याला एक इंजेक्शन. हे त्यांनी औषधांच्या यादीत लिहिलंच नव्हतं. वजन उतरवणारं मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. ही इंजेक्शनं जठर सावकाश रिकामं करतात. बारा तास उपाशी राहिलेल्या माणसाच्या पोटातही अन्न सापडू शकतं, आणि भूल देताना ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवडाभर आधी इंजेक्शन बंद ठेवायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये सूचना सैल झाल्या, बहुतेकांनी चालू ठेवलं तरी चालेल, पण आदल्या दिवशी पातळ आहार. मी त्यांना चोवीस तास पेज, सार, ताक यांवर राहायला सांगितलं आणि सकाळी जठराची सोनोग्राफी करणार म्हणून कळवलं. त्यांना ते जरा जास्तच वाटलं.

सहा

सकाळच्या बाईंकडे. पाठीशी उशा, अर्धवट बसलेल्या. हातात तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र. ओढलं की गोळ्या वर जातात. दोन गोळ्या जातायत, तिसरी हलतेय. नाकातला ऑक्सिजन काढून दहा मिनिटं पाहिलं, सॅच्युरेशन ९५. सिस्टरला सांगितलं, रात्री उताणं झोपवायचं नाही, बोटाचं यंत्र काढायचं नाही, झोपेची गोळी मागितली तरी द्यायची नाही, आधी मला फोन. मुलीला सांगितलं, संध्याकाळी दोन पावलं चालव.

"तुम्ही उंची का मोजलीत, वजन का नाय?" मुलीने विचारलं. दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न. फुप्फुसाचं गणित तिला सांगितलं. तिला ते कळलं. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षापेक्षा लवकर कळलं.

रात्री साडेनऊ

सिस्टरचा फोन: बाई जेवल्या, चालल्या, सॅच्युरेशन ९६. उद्या पोयनाडला दोन केसेस आहेत, त्यातली एक ८९ किलोची. उंची लिहिलेली नाही. मी सर्जनला मेसेज टाकला, सकाळी मोजून ठेवा.

वाचकांकडे एक मागणी आहे. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाची भेट मागून घ्या, आणि रुग्णाच्या शेजारी झोपणारं माणूस बरोबर न्या. विचारलं नाही तरी सांगा: किती घोरतो, श्वास मध्येच थांबतो का, उताणं झोपवतं का, वजनाचं किंवा साखरेचं कुठलं इंजेक्शन चालू आहे. रात्री मास्कचं यंत्र वापरत असाल तर ते पिशवीत घालून आणा. आणि उंची अंदाजाने सांगू नका, मोजून सांगा.